‘आई, मी यात बसत नाहीये’

ट्रायल रूमच्या पडद्याबाहेर दोन्ही हातांत हँगर घेऊन मी उभी. आत लेक. शाळेचा फॉर्मल डान्स, तिचा पहिलाच, म्हणून पायघोळ गाऊन हवा होता. आतून बराच वेळ नुसती कापडाची सळसळ, मग चेन ओढल्याचा आवाज, अर्ध्यात अडकल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. थोड्या वेळाने बारीक आवाजात, "आई, मी यात बसत नाहीये."

दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करायची मला खोड आहे, घरातले वैतागतात. पण या वाक्याने खरंच टोचलं. आपण गाडीत बसतो. कपडा आपल्याला बसतो. "हा मला बसत नाही" असं म्हणतो तेव्हा बसायचं काम कपड्याचं असतं, नाही बसला तर चूकही त्याची. सोळा वर्षांच्या पोरीने वाक्य उलटं फिरवलं आणि चूक स्वतःच्या अंगावर ओढून घेतली.

हे सगळं शहाणपण मला नंतर सुचलं बरं का. त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघालं, तर "पोट आत घे आणि पुन्हा ओढून बघ."

असो. म्हटलं ते म्हटलं.

त्या दिवशी तिने किमान डझनभर गाऊन अंगावर चढवले असतील. एकाच दुकानात, एकाच नंबरचे दोन. एक खांद्यावरून घसरत होता, दुसरा नितंबांच्या वर चढेना. आणि माझ्या लक्षात आलं की ती आरशात बघायच्या आधी मानेमागचं लेबल बघतेय. नंबर लहान निघाला की चेहरा खुलायचा, मोठा निघाला की गाऊन न घालताच परत. सुंदर गडद हिरवा एक असाच गेला, त्याची हळहळ मला अजून आहे.

म्हणून घरी आल्यावर हे नंबर येतात कुठून ते शोधत बसले. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये जवळपास १५,००० स्त्रियांची मापं घेतली, प्रत्येकीची ५९! हेतू चांगला होता, तयार कपड्यांना काहीतरी ठरावीक माप मिळावं. पण मापं द्यायला आल्या त्या स्वखुशीने आलेल्या बायका, आणि हिशेबात धरल्या फक्त गोऱ्या. त्याच आकड्यांच्या पायावर १९५८ मध्ये तिथे बायकांच्या कपड्यांच्या मापांचं सरकारी प्रमाण निघालं. ते पाळायची सक्ती नव्हती. कंपन्या आपापल्या सोयीने नंबर सरकवत राहिल्या, कारण लहान नंबरात मावलेलं गिऱ्हाईक खूश होतं. शेवटी १९८३ मध्ये सरकारने ते प्रमाणही मागे घेतलं. म्हणजे माझी मुलगी ज्या आकड्यावरून स्वतःला मापत होती, तो आकडा कुणीतरी सोयीने छापलेला. तिला हे सगळं सांगितलं. "बरं" म्हणाली. सोळाव्या वर्षीच्या "बरं"चा अर्थ ज्यांच्या घरी ते वय आहे त्यांना सांगायला नको.

मला वाटतं, तयार कपड्यांनी आपल्याकडून एक गोष्ट काढून घेतली, ती म्हणजे माया. शिवणकाम करणाऱ्यांना कळेल. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. माझी आई फ्रॉक शिवायची तेव्हा दोन्ही बाजूंना बोटभर माया ठेवायची आणि खाली भलीमोठी दुमड. आम्ही वाढलो की फ्रॉक उसवून वाढायचा. आम्हाला कुणी "तू जाड झालीस" म्हटल्याचं आठवत नाही. "फ्रॉक सोडायला झाला" म्हणायचे. तयार कपड्यात बहुतेक वेळा सेंटिमीटरभर कापड, त्यावर ओव्हरलॉक, संपलं. सोडायला जागाच नसते. त्यामुळे घट्ट झाला की दोष द्यायला शरीर तेवढं उरतं.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते, ती आयांनी लक्षात ठेवावी. गाऊन दाबता येतो, सैल करता येईलच असं नाही. तेव्हा अंगाचा जो भाग सगळ्यात रुंद असेल त्याला नीट बसेल तो घ्यायचा, बाकीचा दाबून घ्यायचा, आणि लेबल कापून टाकायचं. विकत घेण्याआधी गाऊन उलटा करून आतली शिलाई बघायची. सॅटिन असेल तर जास्तच जपून, कारण उसवलेल्या जागी सुईची भोकं दिसत राहतात. टिकल्यांचं काम असेल तर शिलाईवरच्या टिकल्या काढून, दाबून, पुन्हा हाताने लावाव्या लागतात. शिवणाऱ्या बाईला आदल्या दिवशी नेऊन देऊ नका, शिव्या खाल.

भांडण झालं का? झालं की. तिला पाठ उघडी असलेला, पट्ट्या नसलेला काळा हवा होता. माझ्या जिभेवर "शोभत नाही" येऊन थांबलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "ठीक आहे, नाचून दाखव." तिने पडद्याबाहेर येऊन हात वर केले, दोन उड्या मारल्या, एक गिरकी घेतली. तिसऱ्यांदा गाऊन वर ओढताना स्वतःच हसायला लागली. खरं तर असा गाऊन छातीवर टिकत नाही, कमरेवर टिकतो. आत उभ्या कडक पट्ट्या आणि कमरेला आतून घट्ट फीत असली तर रात्रभर हलत नाही. यात दोन्ही नव्हतं. "हा रात्रभर मीच धरून बसणार," म्हणाली आणि आत गेली. माझं मत कुणी विचारलंच नाही, आणि बरंच झालं.

नाचाच्या कपड्याची परीक्षा नाचून घ्यावी, इतकी साधी गोष्ट आपण विसरतो. आरशापुढे मुली पुतळ्यासारख्या उभ्या राहतात, श्वास रोखून. खाली बसून बघा. जिना चढून बघा. आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्याखालचा रंग दारापाशी उजेडात नेऊन बघा. आम्हाला "राखाडी" वाटलेला बाहेर चक्क जांभळट निघाला.

एका बाबतीत मात्र माझं मत पक्कं आहे, पटलं नाही तर वाद घाला. "यात तू बारीक दिसतेस" हे कौतुक म्हणून बोलायचं बंद करा. दुकानातली ताई मनापासून म्हणाली, गोड होती बिचारी. पण लेकीने पुढच्या प्रत्येक गाऊनला मला तेच विचारलं, "यात बारीक दिसते का?" आवडला का, नाही. टोचतो का, नाही. अर्ध्या तासात तिची नजरच बदलली. आणि ताईला कशाला बोलू? "हा रंग लपवतो", "ही चुण्यांची कंबर बरी, झाकलं जातं", हे मीच आयुष्यभर स्वतःच्या कपड्यांबद्दल म्हणत आलेय, तिच्यासमोर. काय झाकायचंय, हे तिने ऐकत ऐकतच शिकलं असणार.

शेवटी घेतला तो निळा शिफॉनचा, आत पूर्ण अस्तर, घेर भरपूर. तिने तो निवडला कारण बाजूच्या शिलाईत खिसा काढता येईल असं मी म्हटलं. एवढ्या शोधाशोधीनंतर निकाल खिशावर! मोबाइल ठेवणार नाही असं कबूल करून घेतलंय, शिफॉन त्या वजनाने ओघळतो. ठेवणारच आहे.

दोन दिवसांनी शिवणाऱ्या काकूंकडे गेलो. त्यांनी तोंडात टाचण्या धरूनच विचारलं, "कुठं अडतंय गं?" ती काखेपाशी बोट ठेवून म्हणाली, "हा मला इथे नीट बसत नाही, काकू." मी काही बोलले नाही. टाचण्यांची डबी धरून उभी राहिले.

खालची लांबी मात्र अजून तशीच टाचलेली आहे. ती ज्या सँडल घालायच्या त्याच घालून मापायची असते, आणि सँडल काल तिसऱ्यांदा बदलल्या.