पॉलिमर रेणूंना बांधून ठेवतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एलसीडी, म्हणजे द्रव स्फटिकांच्या पडद्यांवरच्या माझ्या लेखावर प्रतिक्रिया मनापासून आणि सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन. एक, ‘एलसीडीत पॉलिमर रेणूंना जागच्या जागी धरून ठेवतो’ असं मी लिहिलं (पॉलिमर म्हणजे लहान रेणू जोडून बनलेली लांब साखळी). पण धरून ठेवले तर व्होल्टेज दिल्यावर ते वळणार कसे? दोन, द्रव स्फटिकात, म्हणजे द्रवासारखा वाहणारा पण रेणू एका दिशेत रचलेला असतो अशा पदार्थात, पॉलिमर मिसळला की तो दुधाळ होतो, मग पडदा काळाभोर कसा दिसेल? तीन, अतिनील किरणांनी द्रव स्फटिक खराब होतात हे ठाऊक असताना तेच किरण त्यावर का सोडायचे?

पहिल्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. ते वाक्य चुकलं होतं; मूळ लेखात बदललं आहे.

मी बोलत होतो ते उभ्या मांडणीच्या पडद्याबद्दल. दोन काचांमध्ये जेमतेम ३ ते ४ मायक्रोमीटरची फट, आणि तिच्यात रेणू काचेला काटकोनात उभे. तेव्हा प्रकाश अडतो आणि पडदा काळा दिसतो. व्होल्टेज दिलं की हे रेणू आडवे होऊ पाहतात. पण कुठल्या बाजूला? अगदी सरळ उभी काठी वरून दाबली तर ती कुठेही कलंडेल. इथे तर अशा असंख्य काठ्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. काही डावीकडे गेल्या, काही उजवीकडे, की मध्ये कोंडी होते.

ही कोंडी मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आहे. एकमेकांशी काटकोनात लावलेल्या दोन पोलरायझरांमध्ये (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्यांमध्ये) अशी एक साधी चाचणी-काच ठेवली आणि व्होल्टेज चढवलं. अंधारात एकदम उजेड पसरला, पण त्या उजेडात काळे दोरे वळवळत होते. ते सरकत सरकत एकमेकांना मिळाले आणि पुसले गेले, तोवर काही सेकंद उलटले होते. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्याकडे एका चित्रासाठी सुमारे १७ मिलिसेकंद असतात!

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर उपाय निघाला तो काचेवर बारीक उंचवटे करण्याचा. उंचवट्याजवळचे रेणू आधीच कललेले असतात, ते आधी पडतात, मग शेजारचे, मग त्यांच्या शेजारचे. निरोप असा एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यात वेळ जातो. शिवाय उतारावरचे रेणू पुरते उभे नसल्यामुळे काळ्या पडद्यातही थोडा प्रकाश झिरपतो.

पॉलिमरचं काम इथे सुरू होतं. द्रव स्फटिकात आधीच थोडा मोनोमर, म्हणजे ज्याचे रेणू जोडून पॉलिमर बनतो तो पदार्थ, विरघळवलेला असतो. पॅनल भरून सील झालं की व्होल्टेज देतात. बारीक पट्ट्यांच्या नक्षीचे इलेक्ट्रोड रेणूंना ठरलेल्या चार दिशांना झुकवतात, आणि ते झुकलेले असतानाच अतिनील किरण सोडतात. मोनोमरचा पॉलिमर बनतो आणि काचेच्या आतल्या पृष्ठभागावर बसतो. नंतर व्होल्टेज काढलं तरी पृष्ठभागालगतच्या रेणूंत एखाद-दोन अंशांचा कल उरतो. बस, एवढाच. मधले रेणू मोकळेच असतात, फक्त कुठे पडायचं हे आता पिक्सेलभर सगळ्यांना एकाच वेळी ठाऊक असतं. म्हणून तुमचा प्रश्न मला इतका मोलाचा वाटला: ‘धरून ठेवतो’ म्हटलं की या पद्धतीतली सगळ्यात सुंदर गोष्टच झाकली जाते. कल जास्त दिला तर काळा रंग फिका पडतो, कमी दिला तर दोरे परत येतात. सगळं कौशल्य त्या दोन अंशांत आहे.

दुधाळपणाबद्दल मात्र तुमची गल्लत झाली आहे. बटण दाबल्यावर दुधाळ किंवा पारदर्शक होणाऱ्या खिडकीच्या काचेत पॉलिमरचं प्रमाण दहा-वीस टक्क्यांपासून पुढे असतं, आणि द्रव स्फटिकाचे थेंब त्यात अडकलेले असतात. प्रकाश त्या थेंबांवर विखुरतो. पडद्यात मोनोमर एक टक्क्याहूनही कमी, आणि बनणारे पॉलिमरचे कण इतके बारीक की प्रकाश त्यांच्यावर विखुरत नाही.

तिसरी शंका रास्त आहे. अतिनील किरणांचा मारा जास्त झाला तर द्रव स्फटिकाचे रेणू तुटतात, आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, तयार होतात आणि पिक्सेलला दिलेलं व्होल्टेज टिकत नाही. म्हणूनच तरंगलांबी जपून निवडतात, आणि विक्रिया सुरू करून देणारं वेगळं रसायन सहसा घालतच नाहीत. त्याचे अवशेषही असाच उपद्रव करतात. पण किरण कमी दिले तर उलटी पंचाईत. उरलेला मोनोमर पुढे वापरात हळूहळू जुळत राहतो, कल बदलतो, आणि बराच वेळ स्थिर राहिलेल्या चित्राची सावली पडद्यावर उरते. यासाठी व्होल्टेज काढून दुसऱ्यांदा किरण देतात आणि शिल्लक मोनोमर संपवतात. हा दुसरा टप्पा माझ्या लेखात नव्हताच. तो आता घातला आहे.

‘धरून ठेवणं’ हा शब्द एका ठिकाणी मात्र मी सोडणार नाही: द्रव स्फटिकाची ‘निळी प्रावस्था’ नावाची एक अवस्था. ही रेणूंची त्रिमिती जाळीदार रचना एरवी एक-दोन अंश सेल्सिअसच्या टापूतच टिकायची. २००२ मध्ये जपानी शास्त्रज्ञ किकुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात पॉलिमर घडवला आणि तो टापू ६० अंशांहून मोठा झाला. त्या रचनेत जिथे रेणूंची मांडणी जुळत नाही अशा रेषा असतात. पॉलिमर नेमका त्या रेषांत जाऊन बसतो. तिथेही व्होल्टेज दिल्यावर रेणू वळतातच. धरून ठेवलेला असतो तो जाळीचा सांगाडा.