आंब्याखाली लॉन कसं लावावं

पुढच्या अंगणाची बाग नव्यानं करायचं तुम्ही मनावर घेतलंय, हे ऐकून आनंद झाला. घर उत्तरेला तोंड करून आहे, वर एक मजला चढवलेला आहे, आणि गेटाच्या डाव्या हाताला आजोबांनी कोय रुजवून वाढवलेला रायवळ आंबा अख्ख्या अंगणावर हात पसरून उभा आहे. म्हणजे सावलीची ददात नाही. तेव्हा पहिला नियम असा, की सावली आहे हे कुणापुढे कबूल करायचं नाही. लँडस्केपवाल्यापुढे नाही, बायकोपुढे नाही आणि स्वतःपुढे तर मुळीच नाही. "सकाळचं जरा येतंय की ऊन," एवढं बोलायचं आणि चहा मागवायचा.

मी हे अधिकारानं सांगतोय. गेल्या सहा वर्षांत माझी पुढची बाग तीनदा नव्यानं झाली आणि दर वेळी आधीपेक्षा थोडी जास्त तपकिरी झाली.

कामाला मुहूर्त मे महिन्याचाच धरा. पोरांना सुट्टी असते, घरात पाहुणे असतात, सल्ले फुकट मिळतात. शिवाय कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पुढे ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी तो किंचित उत्तरेकडून जातो. त्यामुळं वर्षभर अंधारात बसणाऱ्या तुमच्या अंगणात मेमध्ये आंब्याच्या फांद्यांतून चक्क कवडसे पडलेले दिसतात. ते बघायचे, पावलांनी जागा मोजायची, "इथं गुलाब" म्हणून विटेचा तुकडा ठेवायचा आणि मोकळं व्हायचं. जूनमध्ये ढग येतात. ऑगस्टात ते जरा फाटेपर्यंत सूर्य दक्षिणेला सरकलेला असतो. डिसेंबरात तर दुपारी साडेबाराला, म्हणजे सूर्य जितका वर चढू शकतो तितका चढलेला असतानाही, 25 फूट उंच घराची सावली पुढे 21 फुटांवर जाते. तुमचं अंगण घरापासून गेटापर्यंत 15 फूट. उरलेली 6 फूट सावली रस्त्यावर पडते, ती शेजाऱ्यांच्या गाडीला. हे गणित दहावीतल्या पोराला सहज येतं, म्हणून पोराला विचारू नका.

तसं अंगणात ऊन किती तास येतं हे कळायला फार काही लागत नाही. एखाद्या रविवारी सकाळी सातपासून दर तासाला बाहेर यायचं आणि उन्हाची कड खडूनं आखत जायची. पुन्हा डिसेंबरात एकदा. बस्स. पण हे असलं मोजमाप आपण घरात करत नाही, बाहेर करतो. जुलैत पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट किती इंच, हे आपण तासातासाला एकमेकांना विचारतो. 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. अंबाबाईच्या किरणोत्सवाचं तर बोलायलाच नको. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि पुढे 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर, मग मुखापर्यंत, आणि ती कुठं पोचली, किती मिनिटं थांबली, याचा हिशेब सगळ्या गावाकडं असतो. किरणांच्या वाटेत कुठल्या इमारतीचा मजला आडवा येतो, यावर चहाच्या गाड्यावर तासभर वाद होतो. आपल्या गुलाबाच्या वाटेत कुठला मजला आडवा येतो हा वाद मात्र कुणी काढत नाही, कारण तो मजला आपणच कर्ज काढून चढवलेला असतो.

आता नमुना. तो फोनवरून घ्यावा. ज्यात घराच्या आसपास एकही झाड नाही, हिरवळ थेट डोंगरापर्यंत गेलीय आणि मधोमध एक पांढरी खुर्ची आहे, असा फोटो उत्तम. तो लँडस्केपवाल्याला पाठवून "सेम असंच" म्हणायचं.

नर्सरीत गेल्यावर मालकाला एकच विचारायचं, "फुलं येतील न्हवं?" तो म्हणतो, "येतील की सायेब, न यायला काय झालं? खत तेवढं घाला." व्यवहार पूर्ण. सावलीचं नाव चुकूनही काढू नका. काढलंत तर तो बिचारा तुम्हाला मागच्या कोपऱ्यात हिरव्या जाळीखाली नेईल आणि तिथली स्वस्तातली, तुमच्या अंगणात खरोखर जगणारी झाडं दाखवत बसेल. आपण त्यासाठी गाडी काढून आलेलो नसतो.

घ्यायचं काय? गुलाब, मोगरा, जास्वंद, शेवंती. या सगळ्यांना रोजचं पाच-सहा तास थेट ऊन लागतं, हेच त्यांचं वैशिष्ट्य. ऊन नसलं की ती उजेडाच्या शोधात उंच उंच होत जातात आणि पाहुण्यांना वाटतं झाड जोमात आहे. माझ्या एका गुलाबानं तीन वर्षांत साडेपाच फूट उंची गाठली आणि फुलं दिली दोन. त्यातलं दुसरं फूल भिंतीवरून वाकून शेजारच्या आण्णांच्या कंपाउंडात उमललं, कारण ऊन तिकडं होतं. आण्णांनी ते तोडून देवाला वाहिलं आणि "गुलाब नादखुळा हाय तुमचा" असा निरोप धाडला. रंगासाठी भिंतीलगत क्रोटनची रांग हवीच. लाल-पिवळी पानं बघून घ्यायची. सावलीत त्यांचे रंग हळूहळू उतरतात आणि दोन पावसाळ्यांत सगळी एकजात हिरवी होतात. तेव्हा "आम्हाला साधंच आवडतं" असं म्हणता येतं.

लॉनवर जरा सावकाश बोलू, कारण पैसे तिथं जातात. लॉनआधी जमीन वर उचलावी लागते, असं कुणीतरी सांगतंच. आपली मूळची काळी माती, पावसात चिकट, उन्हात भेगाळणारी. तिच्यावर दोन ब्रास तांबडी माती आणून पसरायची. दोन ब्रास म्हणजे दोनशे घनफूट. 20 बाय 15 च्या अंगणात आठ इंचांचा थर बसतो आणि आंब्याचं बूडही तेवढंच गाडलं जातं. झाडाची अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात, त्यांना हवा लागते, खोडाच्या बुडाला माती टेकली की साल कुजते, वगैरे गोष्टी कुणी सांगितल्या तर मान डोलवायची. झाड काही उद्या मरत नाही. पाच-सात वर्षं घेतं. तोवर मातीचा आणि त्याचा संबंध कुणाच्या लक्षातही राहत नाही, "वय झालं हो त्याचं" म्हणून सगळे हळहळतात. मधे आलेली मुळं कुदळीनं तोडून घेतली तर हा काळ आणखी कमी होतो.

मग चौरस फुटावर विकत मिळणारं कार्पेट गवत अंथरायचं. पहिले पंधरा दिवस ते इतकं सुंदर दिसतं की फोटो काढण्याची घाई करावी. गवताला ऊन लागतं आणि सावलीत तर त्याला जरा उंच ठेवावं लागतं, म्हणजे असलेल्या उजेडात पान तरी मोठं राहतं. तुम्ही मात्र ते चांगलं भुईसपाट कापा. पिवळं पडलं की जास्त पाणी द्या, पाण्यानं कुजलं की युरिया टाका. श्रावणापर्यंत गवत जाऊन शेवाळ आलेलं असेल. लांबून दोन्ही हिरवंच दिसतं. माझ्या सासऱ्यांनी तर शेवाळावर हात फिरवून "मऊ आलंय" म्हणून कौतुक केलं होतं.

आंब्याचा पाला पडतो, त्याचं काय? रोज सकाळी झाडून गेटाबाहेर पेटवायचा. गावाकडं भावाला आपण फोनवर सांगत असतोच, की उसाचं पाचट जाळू नको, रानातच कुजव, जमीन सुधारते, पाणी टिकतं. तो भाऊ शेतकरी आहे, त्याला सांगायला लागतं. आपण शहरातले, आपल्याला धूर चालतो. तोच पाला झाडाखाली पसरून ठेवला असता तर मातीत ओल राहिली असती आणि फुकट खत झालं असतं, पण मग अंगण झाडलेलं दिसलं नसतं. आणि गल्लीत अंगण झाडलेलं दिसणं याच्या वर काही नाही.

दोन हंगाम फुकट गेल्यावर तुम्हाला खरा गुन्हेगार सापडेल. तो डाव्या हाताला उभा आहे. झाड सरळ तोडायचं म्हटलं तर 1975 च्या कायद्यानं शहरात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यासाठी अर्ज, पाहणी, कारण द्या, आणि "लॉन येत नाही" हे कारण कागदावर जरा किरकोळ दिसतं. मग मधला मार्ग म्हणून लोक शेंडा उडवायचा विचार करतात. जाणत्या माणसाकडून आतली गर्दी विरळ करून घेतली, खालच्या दोन-तीन फांद्या काढल्या, तर अंगणात छान चाळणीतून आल्यासारखा उजेड येतो आणि झाडही शाबूत राहतं. हे फारच बेताचं काम झालं. शेंडा कसा, करवतीनं सपाट उडवलेला हवा. त्यावर पुढच्या वर्षी प्रत्येक तुटलेल्या टोकापासून दहा-दहा धुमारे फुटतात आणि सावली आधीपेक्षा दाट होते. कैऱ्या बंद होतात ते वेगळंच. लोणच्याला बाजारातून आणाव्या लागल्या तेव्हा आमच्या आईनं मला काही म्हटलं नाही. नुसती पिशवी हातात दिली.

काही झाडांपासून मात्र लांब राहा. सोनटक्का, हळद, नेचे, पानओवा, नागवेल, सिंगोनियम, कुंडीतलं ब्रह्मकमळ. ही मंडळी उजेड असलेल्या सावलीत आपली आपण वाढतात, हाच त्यांचा दोष. सोनटक्क्याचा एक गड्डा कुणाच्याही परसातून मागून आणता येतो. ओलसर कोपऱ्यात टाकला की दोन वर्षांत बेट होतं आणि पावसाळ्यात संध्याकाळी गेटातून आत शिरताना वास येतो. पण फुकट आणलेल्या झाडाचा आराखडा कसा काढणार? त्याचं बिल कोण देणार? दाजीपूरच्या जंगलात दाट झाडाखाली कसले थर आहेत, कुठं नेचा आहे, कुठं रानहळद आहे, हे आपण गवा दिसेपर्यंत गाडीतून बघत असतो. तिथं झाडाखाली कुणी लॉन अंथरलेलं नाही. पण ते जंगल आहे, त्याला चार पाहुणे येत नाहीत.

पाहुण्यांसाठी कारंजं हवं. आंब्याखालच्या कारंज्यात आठ दिवसांत पाला अडकून पंप बंद पडतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात आणखी आठ-दहा दिवसांत डासांची एक पिढी तयार होते. वाटेला शहाबादी फरशी घाला, खरबरीत नको, चांगली घोटलेली. सावलीत ती कधी पूर्ण वाळत नाही. आमच्याकडं गौरी आणताना मोठ्या वहिनी तेरड्याची जुडी घेऊन त्या फरशीवरून थेट उंबऱ्यापर्यंत आल्या, बसूनच. गौर शाबूत होती. वहिनींनी उठता उठता विचारलं, "भावजी, ह्यो तेरडा बाजारातनं आणलाय व्हय? अंगणात दोन बिया टाकल्या असत्या तर काय बिघडलं असतं?" ऊन-सावलीच्या कडेला तो बरा येतो, हे त्यांना ठाऊक होतं. मी बर्फ आणायला आत गेलो.

शेवटी पेव्हर. सगळे शेवटी पेव्हरलाच येतात, मग लवकर का येऊ नये? खोडाला अगदी चिकटवून घ्या, बोटभरही फट ठेवू नका. वर प्लॅस्टिकची हिरवळ अंथरा, तिला सावलीचं वावडं नाही. दोन महिन्यांत कुणीतरी म्हणेल, "गाडी बाहेर कशाला लावताय, आत जागा हाय की." इथं तुमच्या बागेचं काम पूर्ण झालं.

फक्त एक राहिलं. पुढच्या नळाखाली, जिथं पाय धुतल्याचं पाणी मुरतं, पेव्हरवाल्यानं तिरकी वीट लावून टाळलेल्या त्या हातभर जागेत, न लावलेलं अळू आलंय. काळ्या देठाचं, वडीचं. पानं सुपाएवढी. तिन्ही वेळच्या आराखड्यात ते नव्हतं, त्याला कधी कुणी खत घातलं नाही. परवा आण्णांच्या घरच्या काकी सहा पानं मागून घेऊन गेल्या आणि संध्याकाळी ताटलीवर रुमाल झाकून गरम वड्या पाठवल्या. वड्या जरूर खा. ताटली धुऊन परत करा, रिकामी देऊ नका. आणि सकाळी उठल्याबरोबर आधी ते अळू उपटून टाका. फोटोत ते नव्हतं.