दुधाला गारव्याइतकाच अंधारही हवा

दूध तापवलं की जीवनसत्त्वं जातात, हे ऐकून ऐकून इतकं डोक्यात बसलंय की उजेडाकडे कुणाचं लक्षच जात नाही. दुधातून आपल्याला भरपूर मिळतं ते बी२, म्हणजे रायबोफ्लेविन. १०० ग्रॅम गाईच्या दुधात साधारण ०.१८ मिलिग्रॅम. उकळून त्याचं फारसं बिघडत नाही. पण पारदर्शक बाटलीतलं दूध दोन तास थेट उन्हात राहिलं, तर निम्मं किंवा त्याहून जास्त बी२ संपू शकतं.

दूध फाटल्यावर सुटणारी निवळी नीट बघा. तिची हिरवट-पिवळी झाक रायबोफ्लेविनचीच. ते निळा प्रकाश शोषतं म्हणून पिवळं दिसतं, आणि तोच प्रकाश त्याला मोडतो. एकटं मोडलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. शोषलेली ऊर्जा ते दुधात विरघळलेल्या ऑक्सिजनला देतं, मग सी जीवनसत्त्वही जातं आणि प्रथिनांतलं मेथिओनिन हे अमिनो आम्लही. मेथिओनिनचं मेथिओनल झालं की दुधाला उकडलेल्या कोबीसारखा वास मारतो. खात्री करायचीय? एकाच दुधाच्या दोन काचेच्या बाटल्या भरा, एकीला फॉइल गुंडाळा, अर्धा तास उन्हात ठेवा, गार करा आणि हुंगा.

घरच्या फ्रिजचं दार लावलं की आत अंधार. खरी अडचण दुकानातल्या काचेच्या दाराच्या फ्रिजची, तिथे दिवे दिवसभर चालू. एलईडी तापत नाही, पण निळा प्रकाश त्यातही असतो. म्हणून मागच्या रांगेतली पिशवी घ्या, किंवा सरळ खोक्यातलं दूध. घरी झाकणाचं स्टीलचं भांडं उत्तम.

स्निग्धांश काढलेल्या दुधाला तर जास्तच जपा. सायीबरोबर ए आणि डी जीवनसत्त्वं जातात, म्हणून ती वरून घालतात. पण हे घातलेलं ए उजेडात लवकर उडतं. डी त्यामानाने टिकाऊ.

४ अंशांचा गारवा मुख्यतः जंतूंसाठी. टिकाऊ यूएचटी (खूप जास्त तापमानाला काही सेकंद तापवलेल्या) दुधाच्या खोक्यात उजेड शिरत नाही, पण ते महिनोन्‌महिने उबेत राहिलं की फोलेट (बी९ जीवनसत्त्व), सी आणि बी१२ घटत जातं. ताज्या तारखेचं घ्या, गार कपाटात ठेवा, फोडल्यावर फ्रिजमध्ये. पुन्हा पुन्हा उकळण्याचा फटकाही यांनाच आणि बी१ला, तेव्हा लागेल तेवढंच वेगळं काढून तापवा. कॅल्शियमची मात्र काळजी नको, ते उजेडानं जात नाही की उष्णतेनं.

आणि काचेची बाटलीच हवी असेल तर गडद तपकिरी घ्या. साधी असेल तर जाड फडकं गुंडाळा.