इंग्रजीतला प्रत्येक 'टू' (to) सारखा नसतो हो!

'टू'पुढे क्रियापदाचं मूळ रूप, एवढं घोकून घेतात आणि वाऱ्यावर सोडतात! मग ईमेलच्या शेवटी हटकून येतं: 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू'. अहो, मीटिंग! इथला 'टू' शब्दयोगी अव्यय आहे, त्याला पुढे नाम किंवा आयएनजीवालं रूप लागतं. शंका आली तर पुढे 'धिस' ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू धिस' चालतं, 'वॉन्ट टू धिस' चालत नाही. झालं!

'ही मेड मी टू वेट'मधला 'टू' खोडा. (कर्मणीत मात्र तो परत येतो: 'आय वॉज मेड टू वेट'. वैताग आहे, मान्य.) आणि 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे सिगारेट सुटली नाही, गडी ओढायला थांबलाय!