लोंबते टायर

आमचे अप्पा चाळीस वर्षं रेवसहून भाऊच्या धक्क्याला लाँचने नोकरीला गेले. पावसाळ्यात समुद्र खवळून लाँच बंद राहिली, तर एसटीने. पण ते दिवस ते धरत नाहीत. सुकाणूला त्यांनी कधी हात लावलेला नाही. मात्र रोज तांडेलाशेजारी उभं राहून आपण जे शिकलो, ते तांडेलालाही येत नसावं, अशी त्यांची खात्री आहे. त्यामुळे ते इंग्लंडला आमच्याकडे आले तेव्हा त्यांना आठवडाभर कालव्यातल्या बोटीवर न्यायची बुद्धी मला का झाली, हे घरात अजून विचारलं जातं.

वेल्सच्या सीमेवर लँगोलेनचा कालवा आहे. तिथे भाड्याने लांब, चिंचोळ्या बोटी मिळतात. आमची 57 फूट लांब आणि 6 फूट 10 इंच रुंद, म्हणजे चाळीतला व्हरांडाच उचलून पाण्यात ठेवलेला. या देशात गाडी चालवायला दोन-दोन परीक्षा. पण पंधरा-सोळा टनांचं हे धूड तासाभराच्या शिकवणीवर कुणाच्याही हातात देतात. बोट देणाऱ्या मुलाने गॅस, संडास, सुकाणूचा दांडा सगळं दाखवलं. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, हेही सांगितलं. (आमच्या घरात माझ्या शब्दाला असाच प्रतिसाद मिळतो, त्यामुळे मला जड गेलं नाही.) शेवटी बोट काठावर आपटू नये म्हणून कडेला लोंबवायचे रबरी फेंडर दाखवून म्हणाला, "हे फक्त काठाला बांधताना. निघालात की वर."

मी वर घ्यायला गेलो, तर अप्पा आडवे.

"अरे, टायर वर घेतलेली लाँच बघितलीयेस कधी?"

नव्हती बघितली. गेटवे, मांडवा, एलिफंटा, जिथे जावं तिथे लाँचच्या अंगावर टायर बारमाही. फेंडर खालीच राहिले. सहाच्या सहा.

पहिल्या तासातच लोक आमच्याशी फार गोड बोलू लागले. इथे वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, त्यामुळे काठाने कुत्रा फिरवणारा माणूसही शेजारून गप्पा मारत चालू शकतो. एक आजोबा म्हणाले, "छान दिवस आहे. फेंडर बरेच आहेत हो तुमच्याकडे." मी थँक यू म्हणालो. समोरून येणाऱ्या बोटीवरच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही फारच सावध दिसता." अप्पांची मान ताठ झाली. लेंग्याची नाडी लोंबत असली तर आपल्याकडे चारचौघांत ओरडून सांगतात, आणि प्रश्न मिटतो. इंग्रज माणूस नाडीच्या रंगाचं कौतुक करतो.

काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना वेग आणखी कमी करायचा असतो, नाहीतर त्यांचे दोर ताणतात आणि आतला चहा हिंदकळतो. तो आम्ही इतका कमी केला की बोट वळेनाशी झाली आणि एका खिडकीला घासत गेली. आतून चहासकट एक चेहरा बाहेर आला. त्याने आधी आमचे फेंडर पाहिले, मग आम्हाला, आणि पडदा ओढून घेतला.

मग तो प्रसिद्ध जलसेतू आला. पोंटकसल्टे. उच्चार करताना समोरच्याने दोन पावलं मागे सरकावं. टेलफर्ड आणि जेसप या इंजिनिअरांनी बांधलेला, 1805 साली खुला झालेला, डी नदीच्या 126 फूट वरून जाणारा लोखंडी हौदच तो. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला हौदाची वीतभर कड, आणि पुढे सरळ वेल्सची हवा. बायको आत जाऊन डोळे मिटून बसली. आमचे फेंडर हौदाच्या लोखंडाला घासून असा आवाज काढत होते की पायवाटेवरचे पर्यटक देखावा सोडून आमचे फोटो काढू लागले.

खरी फजिती न्यू मार्टनच्या लॉकमध्ये. लॉक म्हणजे पुढे-मागे दारं असलेली पाण्याची चिंचोळी खोली, पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणारी. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने आपल्या कालव्यांच्या लॉकची रुंदी 7 फूट धरली, आणि तेव्हापासून या बोटी त्या मापाच्या बेताने बांधतात. 7 फुटांतून 6 फूट 10 इंच गेले, उरले दोन इंच. दोन्ही बाजूंना मिळून. आमचा एकेक फेंडर चार बोटं जाड. अप्पांनी आयुष्यभर लेखा विभागात काम केलंय. हा हिशेब त्यांनी करायला हवा होता.

मागचा दरवाजा लावला, बायकोने हँडल फिरवून पुढच्या झडपा उघडल्या, पाणी उतरू लागलं. बोटही उतरू लागली. म्हणजे डावी बाजू उतरली. उजव्या बाजूचे दोन फेंडर भिंत आणि बोट यांच्यामध्ये पाचरीसारखे बसले आणि बोट त्यांना लटकली. आत कपाटातल्या बश्या एकेक करून खाली आल्या. मुलगी किंचाळली. अप्पा दाराची चौकट धरून "अरे, धक्का लांब सारा" म्हणाले, जणू धक्काच अंगावर आला होता.

काठावरून मघाचेच कुत्रेवाले आजोबा धावत आले. आता गोडवा संपला होता. "झडपा बंद! आधी झडपा बंद!" पुढच्या झडपा मिटल्या, मग मागच्या उघडून लॉक पुन्हा भरलं, तेव्हा कुठे बोट सरळ झाली. पाच फेंडर मी वर ओढले. सहाव्याचा दोर तुटला होता. तो तरंगत जाऊन पुढच्या दारामागे अडकला आणि दार पुरतं उघडेना. आकडा लावून त्याला बाहेर काढेपर्यंत मागे चार बोटी थांबल्या, आणि प्रत्येकीवरून कुणी ना कुणी येऊन आम्हाला समजावलं की घासायचं काम बोटीच्या अंगावरच्या लोखंडी पट्ट्यांचं. फेंडर लोंबत ठेवून फिरणं म्हणजे हँगरसकट कोट घालून लग्नाला जाणं. अप्पांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, कारण "तू त्या पोराचं ऐकायला हवं होतंस."

ऑक्टोबरात त्यांचा रेवसहून फोन आला. आवाज पडलेला. लाँच सुटताच त्यांनी खलाशाला, टायर लोंबताहेत, वर घे, अशी सूचना केली होती.

"मग?"

"म्हणाला, काका, टायर वर घेतले तर धक्क्याला काय तुमचं डोकं लावू?"