दहा पानांचा रविवार आणि अर्धा किलो काळे वाटाणे

मोठ्या कुटुंबाचा रविवार खर्चिक होतो तो अंदाजपंचे स्वयंपाकामुळे. घरात दहा माणसं, रविवारी सगळी एकदम जेवायला, मग 'कमी पडायला नको' म्हणून भात दीड किलो, चपात्या पन्नास, दोन भाज्या आणि वर दोन किलो चिकन. रात्री त्यातलं निम्मं फ्रिजमध्ये कोंबायचं आणि सोमवारी जड मनानं टाकून द्यायचं. मुंबईच्या भाववाढीत हे परवडणारं नाही. माझं ठाम मत आहे की रविवारी एकच रस्सा करावा, पण मापून आणि मन लावून. चार पदार्थ अर्धवट करण्यात पैसा आणि घरातल्या बाईची कंबर, दोन्ही मोडतात.

दुसरी अडचण कृतींची. मोबाईलवर दिसणारी बहुतेक प्रमाणं चार जणांची असतात. त्यांना अडीचनं गुणलं की दहा जणांचं होतं, असं वाटतं, होत नाही. मोठ्या पातेल्यात त्या मानानं पाणी कमी आटतं, म्हणून पाणी अडीचपट घातलं की रस्सा पातळ. तेल आणि तिखट दुपटीत भागतं. आणि कांदा! आठ कांदे एका कढईत एकदम टाकले की ते परतले जात नाहीत, आपल्याच पाण्यात शिजतात. मग रस्सा फिकट, गुळचट लागतो आणि दोष मसाल्याला दिला जातो. कांदा दोन घाण्यांत परता. दहा मिनिटं जास्त जातील, पण चव त्याच दहा मिनिटांत असते.

आता काळ्या वाटाण्यांबद्दल. मालवणी घरांत याला मटणाच्या बरोबरीचा मान आहे आणि तो उगाच नाही. दहा जणांना अर्धा किलो पुरतो, कारण शिजून तो सव्वा किलोच्या आसपास होतो. शनिवारी रात्री 9-10 वाजता भरपूर पाण्यात एक चमचा मीठ घालून भिजत टाका, किमान 12 तास. मिठामुळे साल मऊ पडते. सकाळी ते पाणी फेकून द्या. 5 लिटरच्या कुकरमध्ये कडधान्य आणि पाणी मिळून निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर फेस शिट्टीत चढतो. 5-6 शिट्ट्या मोठ्या आचेवर, मग 15 मिनिटं मंद. दाणा बोटांत चिरडला पाहिजे.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे आमसुलं किंवा टोमॅटो आधीच घालणं. आंबटात कडधान्य शिजत नाही, मग कितीही गॅस जाळा. दुसरी चूक दुकानात होते: जुना माल. वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेला वाटाणा रात्रभर भिजूनही टणक राहतो. म्हणून नवीन दुकानातून घेताना आधी पाव किलो आणा, भिजवून बघा, मग महिन्याचं भरा.

खरी मेहनत वाटणात आहे. 4 मध्यम कांदे उभे चिरलेले, 1 वाटी किसलेलं सुकं खोबरं, 12-15 लसूण पाकळ्या, 2 इंच आलं. कांदा थोड्या तेलात तांबूस होईपर्यंत. खोबरं वेगळं, कोरडं, मंद आचेवर, आणि तेवढा वेळ फोन बाजूला ठेवा. खोबरं बराच वेळ पांढरंच दिसतं आणि मग अर्ध्या मिनिटात बदामीवरून काळ्यावर जातं. गॅस बंद केला तरी तापलेल्या कढईत ते भाजतच राहतं. म्हणून रंग बदामी झाला की लगेच ताटात ओता. करपलेल्या चमचाभर खोबऱ्यानं अख्खं पातेलं कडू होतं आणि गूळ घालून ते सुधारत नाही.

वाटताना शिजलेल्या वाटाण्यांतले मूठभर दाणे मिक्सरमध्ये टाका. रस्सा दाट होतो आणि खोबरं कमी लागतं, पैसे वाचवण्याची खरी जागा ही आहे. पातेल्यात 5-6 मोठे चमचे तेल, हिंग, मग आच मंद करून 3 मोठे चमचे मालवणी मसाला आणि त्यावर लगेच दोन चमचे पाणी, म्हणजे तो जळत नाही. वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. वाटाणे त्यांच्या शिजवलेल्या पाण्यासकट घाला, ते पाणी ओतून देणं पाप आहे. लागेल तेवढं गरम पाणी. थंड ओतलं तर उकळी मोडते, तर्री दबते. मीठ सपाट चार लहान चमचे, चव बघून पाचवा. 15 मिनिटं उकळू द्या, शेवटच्या पाचात 5-6 आमसुलं.

मसाला मात्र स्वस्तातला घेऊ नका. लालबागच्या मसाला गल्लीत मिरची निवडून, डोळ्यांसमोर भाजून-कांडून मिळतो. वर्षाचा एकदम केला तर बरणी कोरडी आणि चमचाही कोरडा हवा, कारण पावसाळ्यात इथल्या दमट हवेत जाळी धरायला वेळ लागत नाही.

सोबत काय? घावन सुरेख लागतात, पण दहा जणांना पंचवीस घावन म्हणजे एक माणूस तासभर तव्यापाशी. दोन तवे आणि दोन माणसं असतील तरच. नाहीतर एक किलो कोलमचा भात, कोपऱ्यावरच्या बेकरीचे ताजे पाव, चिरलेला कांदा, लिंबू. बस.

चिकनच हवं असेल तर दीड किलो, हाडासकट, लहान तुकडे करून मागा. तीसेक तुकडे होतात, माणशी तीन, आणि सोबत पाच बटाटे. बोनलेस महाग आणि रश्शाला हाडाचा रस नाही. वाटण वरचंच.

पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि ताजी मासळी हाताबाहेर जाते. मे संपायच्या आत सुकट, जवळा भरून ठेवा. जवळा आधी चाळायचा, कोरडा भाजायचा, मग दोनदा धुवायचा. एवढं केलं नाही तर रेती दाताखाली येते. सहा कांदे घातले की 200 ग्रॅममध्ये घर जेवतं.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. वाढायला घेण्याआधी जी बाई सकाळपासून ओट्यापाशी उभी आहे, तिची वाटी भरून बाजूला झाका. दाण्यांसकट, तर्रीसकट. तळाचा रस्सा आणि 'मला भूक नाही' हे बऱ्याच घरांत अजून चालतं. माप ठरलं की कुणाच्या वाट्याला किती येतं ते दिसतं.

उरलेला रस्सा जेवणं झाल्यावर तासाभरात पसरट भांड्यात काढून निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा. मुंबईच्या उकाड्यात दुपारभर ओट्यावर राहिलेलं खोबऱ्याचं वाटण संध्याकाळी आंबतं. नीट ठेवला तर सोमवारी डब्यात भाकरीसोबत तो रविवारपेक्षा जास्त मुरलेला असतो.