प्रदेश काढणारं टूल, आणि ते जे काढत नाही ते

'रोम: टोटल वॉर' या संगणकावरच्या युद्धखेळाचं मॉडिंग करणाऱ्यांमध्ये, म्हणजे गेमच्या फाइली बदलून तो आपल्याला हवा तसा करणाऱ्यांमध्ये, एक मेसेज फिरतोय: "रिजन (प्रदेश) काढायचं टूल चालवा, नको तो प्रदेश निवडा, एक क्लिक. शेजारचा प्रदेश ती जागा घेतो, दुसरं काही करावं लागत नाही. चालू सेव्ह तशीच चालते, आणि टर्न झटपट संपतात."

आधी त्यातलं खरं तेवढं मान्य करतो. २००४ च्या या गेममध्ये प्रदेशांचा नकाशा म्हणजे 'मॅप_रीजन्स' नावाचं एक साधं टीजीए चित्र. प्रत्येक प्रदेशाला एक रंग, आणि त्या रंगाचे तीन आकडे 'डेस्क्र_रीजन्स' या टेक्स्ट फाइलमध्ये नोंदलेले. शहर म्हणजे एक काळा पिक्सेल, बंदर म्हणजे एक पांढरा. हे हाताने रंगवायला बसलं की ब्रशची कड मऊ राहते आणि कुठल्याच प्रदेशाच्या नसलेल्या छटा उरतात. नाहीतर जुना काळा पिक्सेल पुसायचा राहतो, एका प्रदेशात दोन शहरं होतात आणि गेम झोपतो. हा वैताग टूल वाचवतं. मीही वापरतो.

पण "दुसरं काही करावं लागत नाही"? लॅकोनिया काढून बघा. म्हणजे स्पार्टा. जमिनीवरचा शेजारी पेलोपोनेसस, त्याचं शहर कॉरिंथ, आणि ते मोहिमेच्या सुरुवातीला मॅसिडोनकडे असतं. टूलने रंग भरला, डेस्क्र_रीजन्समधली नोंद काढली, मोहिमेची सुरुवातीची मांडणी ठेवणाऱ्या 'डेस्क्र_स्ट्रॅट' फाइलमधला स्पार्टा शहराचा भागही काढला असं धरू. ग्रीकांचं तिथलं सैन्य मात्र त्याच फाइलमध्ये, पण वेगळ्या ठिकाणी, एक्स-वाय आकड्यांवर उभं केलेलं असतं. ते राहतंच. पहिल्या टर्नला बघावं तर स्पार्टाचे शिपाई शहराविना, मॅसिडोनच्या हद्दीत, उघड्या माळावर!

दुसरी गोष्ट त्याहून छुपी. डेस्क्र_रीजन्समधल्या लॅकोनियाच्या नोंदीत 'स्पार्टा' असा एक शब्द असतो, हिडन रिसोर्स म्हणून, म्हणजे खेळताना न दिसणारी खूण. स्पार्टन होप्लाइट (भालाईत शिपाई) कुठे तयार होतील हे इमारतींची फाइल त्या शब्दावरून ठरवते. मूळ गेममध्ये अशी दोनच शहरं: स्पार्टा आणि सिराक्यूज. नोंद गेली की शब्द गेला, आणि ग्रीकांचं सगळ्यात दणकट पायदळ फक्त सिसिलीत उरलं. एररही येत नाही. वीस टर्न खेळल्यावर कळतं. तो शब्द पेलोपोनेससच्या नोंदीत टाकला की प्रश्न सुटतो, पण कॉरिंथला स्पार्टन तयार व्हावेत का, हे ठरवायचं काम आपलं. टूलला ते कसं कळणार?

मग नाव उरलेल्या जागा. भाडोत्री सैनिकांच्या फाइलमध्ये प्रत्येक गटाखाली प्रदेशांची यादी असते. काढलेलं नाव तिथे राहिलं की मोहीम सुरूच होत नाही, गेम मुकाट्याने मेन मेनूवर परत येतो. विजयाच्या अटींमध्येही प्रदेशांची नावं असू शकतात. सातबाऱ्यावरून नाव उडालं तरी सोसायटीच्या खात्यावर कर्ज तसंच, तशातली गत. त्यामुळे टूल चालवल्यावर सगळ्या टेक्स्ट फाइलींमध्ये प्रदेशाचं आणि शहराचं नाव शोधायचं, याला पर्याय नाही.

"काढला तरी दिसतोच" ही तक्रार करणाऱ्यांनी आधी 'मॅप.आरडब्ल्यूएम' उडवावी. गेमने नकाशा वाचून तयार करून ठेवलेली ती फाइल. ती आहे तोवर तुमचं नवं चित्र कोणी बघत नाही. उडवली की पुढच्या वेळी गेम ती स्वतः बनवतो.

चालू सेव्हचा दावा सरळ चूक आहे. डेस्क्र_स्ट्रॅट फक्त मोहीम सुरू होताना वाचली जाते, आणि सेव्ह जुन्या प्रदेशांवर बेतलेली असते. नवा नकाशा म्हणजे नवी मोहीम.

राहिला वेग. शहरं कमी झाली की संगणकाला बांधकाम-भरतीचे निर्णय थोडे कमी घ्यावे लागतात, हे खरं. पण सैन्यं, गुप्तहेर, राजदूत हे सगळे त्याच लांबीरुंदीच्या नकाशावर वाटा शोधत फिरतात. तो नकाशा एका पिक्सेलनेही लहान झालेला नाही. टर्न लवकर संपवायचे असतील तर गट (फॅक्शन, म्हणजे ग्रीक, मॅसिडोन अशा सत्ता) कमी करा.

प्रदेश काढायचं खरं कारण वेगळंच आहे, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. या इंजिनमध्ये समुद्र धरून २०० प्रदेशांची मर्यादा आहे. ग्रीस बारीक तुकड्यांत दाखवायचा असेल आणि मर्यादा भरली असेल, तर सहारातले दोन-तीन ओसाड प्रदेश एकत्र करून जागा मिळवता येते. तिथे हे टूल सोन्यासारखं आहे. फक्त आधी डेटा फोल्डरची कॉपी काढा, आणि शॉर्टकटला एरर दाखवणारा स्विच लावून ठेवा, म्हणजे मेन मेनूवर आपटलात तर कुठल्या फाइलमुळे ते निदान कळेल.